काळी चार

पेटी मला एकाच पट्टीत वाजवता येत होती. एवढं साधं वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आज मी शाळेत मुलांना पेटी शिकवतो, बोटं कुठल्याही पट्टीत फिरतात. पण ज्या वयात ते यायला हवं होतं त्या वयात येत नव्हतं, आणि येत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यापायी माझ्या मित्राचा गळा गेला.

राज्य तेव्हा नवीनच झालं होतं. देऊळगाव राजाच्या बाहेर, जालन्याच्या रस्त्याला लागून, कापसाचं एक रिकामं गोदाम होतं. गुरुजींनी तिथे गायन-वादनाचं विद्यालय काढलं होतं. विद्यालय म्हणजे ते गोदाम, त्याला जोडून गुरुजी आणि माई राहत त्या दोन खोल्या, एक विहीर आणि चिंचेची झाडं. आम्ही पंधरा-वीस मुलं गोदामातच झोपायचो, तिथेच गायचो. छपराच्या लाकडांना अजून सरकी चिकटलेली होती. तबला जोरात वाजला की वरून कापसाचा एखादा पुंजका तरंगत खाली यायचा आणि तानपुऱ्यावर बसायचा.

गुरुजी नाटक कंपनीत गायचे. कंपनी मोडल्यावर ते माईंच्या माहेराच्या आधाराने इकडे आले आणि इथलेच झाले. बोलणं मात्र शेवटपर्यंत कंपनीतलंच राहिलं, स्वच्छ आणि हळू. ते मारत नसत. चुकलं की फक्त म्हणायचे, "परत." दिवसभरात तो शब्द इतक्यांदा कानावर पडायचा की मुलं झोपेतही तो बडबडायची.

पहाटे उठून खर्जाचे सूर, मग विहिरीचं पाणी, भाकरी, गावातली शाळा, संध्याकाळी पुन्हा गुरुजींसमोर. गाणाऱ्या मुलांना माई दही, चिंच, बोरं काही खाऊ द्यायच्या नाहीत. तबल्याच्या आणि पेटीच्या मुलांना ती बंदी नव्हती. त्यामुळे तबलेवाले मुद्दाम गाणाऱ्यांच्या पुढ्यात बसून चिंचा चोखायचे, आणि गाणारे तोंड फिरवून बसायचे. विद्यालयात श्रीमंत-गरीब फारसं कळत नसे. चिंच खाणारे आणि न खाणारे, एवढंच कळे.

मी मोताळ्याकडचा. आवाज बरा नव्हता म्हणून पेटीवर बसवलेला. माझा तो मित्र वरवट बकालचा, शेतकऱ्याचा मुलगा. गावच्या भजनात गाताना कुणीतरी ऐकला आणि मामानं आणून सोडला. आला त्या दिवशी माझ्या शेजारी पथारी टाकून त्यानं विचारलं, "तू काय करतं बे इथं?"

"पेटी वाजवतो."

"म्हंजे चिच खातं तू."

"हाव."

"बरं हाय राजा तुहं," तो म्हणाला, आणि पाठ करून झोपला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं पहिला सूर लावला. माझा हात भात्यावरच राहिला. तसा आवाज मी नंतर पुष्कळ गवय्यांची गाणी ऐकली तरी ऐकला नाही. तो मोठा नव्हता, गोडही म्हणता येणार नाही. नुसता सरळ होता. विहिरीत दोर सोडावा तसा जायचा, मध्ये कुठे न हलता. गुरुजींनी त्या दिवशी "परत" म्हटलं नाही.

त्याचा आवाज काळी चारमध्ये बसायचा. ज्यांना पेटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: गाणारा आपल्या गळ्याला सोसेल त्या पट्टीला आपला 'सा' धरतो, आणि पेटीवाल्याला तिथूनच सगळं वाजवावं लागतं. पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांतली चौथी, तो त्याचा सा. पट्टी बदलली की गाणाऱ्याला फक्त गळा सैल करायचा असतो, पण वाजवणाऱ्याची सगळी वाट बदलते. काल जिथे काळी होती तिथे आज पांढरी येते, बोटांना घर सापडत नाही. म्हणून पेटीच्या मुलांना प्रत्येक धडा सगळ्या पट्ट्यांत घोटावा लागायचा.

मी तो घोटला नाही. गुरुजींनी मला त्याच्या साथीला बसवलं आणि मी काळी चारचाच झालो. काळी चारमध्ये मी चांगला वाजवायचो, हे खरं आहे. तो कुठे श्वास घेणार, कुठे थांबणार, हे मला त्याच्या मानेवरून कळायचं. गावात कुणाकडे बारसं असो की सत्यनारायण, बोलावणं यायचं ते "त्या दोघांना पाठवा" असं यायचं. मोताळ्यात मला माझ्या बापाच्या नावाने ओळखत. इथे मी 'त्या दोघांतला' होतो. मला ते फार आवडायचं. इतर पट्ट्यांचा सराव मी आज-उद्यावर टाकत गेलो.

आमच्यात पेटीचा आणखी एक मुलगा होता, जालन्याकडचा. हडकुळा, सारखा नाक ओढणारा. त्याला कुठल्याही पट्टीत सांगा, तो वाजवायचा, आणि वाजवताना खिडकीबाहेर बघायचा. मला तो बघवत नसे.

त्या विद्यालयाची एक रीत होती. मुलाचा आवाज फुटायला लागला की गुरुजी त्याला ते सांगत नसत. त्यांचं म्हणणं होतं, मुलाला सांगितलं की तो घाबरतो, आणि घाबरलेला मुलगा गळा आवळून गातो. म्हणून ते साथीच्या पेटीवाल्याला बाजूला घेऊन सांगायचे, आणि पेटीवाल्यानं काही न बोलता पट्टी खाली आणत जायची. आज थोडी, चार दिवसांनी आणखी थोडी. गाणाऱ्याला उमगायचंच, पण उमगेपर्यंत तो खाली येऊन बसलेला असायचा. मग वर्षभर त्यानं हळू गायचं किंवा गायचंच नाही. तेवढं सांभाळलं की नवा आवाज येतो. मोठ्या मुलांचे तसेच आले होते.

गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. पावसाळा सरता सरता तो काढायला ते जालन्याला निघाले, माई बरोबर. मी त्यांची वळकटी घेऊन एसटी स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता. माई पाणी भरून घ्यायला गेल्यावर गुरुजींनी मला जवळ बोलावलं.

"त्याचा आवाज फुटायला लागलाय. ऐकलंस ना?"

मी ऐकलं होतं. वरच्या सा-वर जाताना मध्येच काहीतरी खरखरायचं, ओल्या दोरीला गाठ असावी तसं.

"हळूहळू काळी दोनपर्यंत आण. वर ताणू देऊ नकोस. तिथेही खरखरला तर गाणं बंद. बालाजीच्या देवळातल्या कार्यक्रमाला तो नाही गायला तरी काही अडत नाही. दुसरा कुणी गाईल. समजलं?"

"हो गुरुजी."

"तुझ्यावर सोडून चाललोय."

गाडी आली. मी वळकटी वर टाकली.

त्या संध्याकाळी सगळे विहिरीवर असताना मी पेटी घेऊन बसलो आणि काळी दोनमधून वाजवून पाहिलं. रोजची बंदिश होती, तरी मला पुढचा सूर सापडेना. बोट टाकावं तिथे भलतंच वाजायचं. थांबून, मोजून, पुन्हा सुरू केलं. पाठीमागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय रं," जालन्याकडचा मुलगा म्हणाला, "पेटीत मुंग्या शिरल्या का?"

"तू जा बरं इथून."

"मी वाजवून दाखवू का?"

"जा म्हणलं ना."

तो गेला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. त्या वेळी मला एकच दिसलं: मला येत नाही हे कळलं की देवळात माझ्या जागी हा बसणार. मी पेटी बंद केली. मनाशी म्हटलं, रोज थोडा सराव करीन आणि मग खाली आणीन. सराव मी दोन-तीन दिवस केला. मग कार्यक्रम जवळ आला, आणि मी काळी चारमध्येच वाजवत राहिलो.

तो मुकाट गात होता. एका सकाळी गाणं मध्येच थांबवून म्हणाला, "मले वरचा सा लागून नाही राह्यला बे. थोडी खाली घेतं काय पट्टी?"

हा क्षण मी इतक्या वेळा आठवला आहे की आता त्याचे शब्द झिजले असतील, पण मी काय बोललो ते झिजलेलं नाही.

"गुरुजीनं जाताना सांगतलं," मी म्हणालो, "काळी चारच ठेव म्हणून."

"मले तं काहीच नाही बोलले."

"मले सांगतलं ना. देवळात मागच्या लोकाईले आयकू गेलं पाह्यजे म्हणे."

त्यानं थोडा विचार केला. "त्याईले मालूम हाय काय, माह्या गळ्याले असं होऊन राह्यलं म्हणून?"

"मालूम हाय."

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. "त्याईनं सांगतलं तं बरोबरच असन." आणि त्यानं पुन्हा सूर धरला.

देवळातल्या त्या दिवसाबद्दल लोक पुढे पुष्कळ दिवस बोलत. दुपारची वेळ होती, सभामंडप भरला होता. वरच्या सा-शी तो एकदा अडला, दुसऱ्यांदा अडला, मग त्यानं डोळे मिटले आणि कुठून तरी जोर काढून तो सूर लावला. स्वच्छ लागला. माणसं हलली. त्याच्या मानेची शीर दोरीसारखी फुगली होती आणि तो सूर सोडायला तयार नव्हता, कारण सोडला तर पुन्हा सापडणार नाही हे त्याला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. मी भाता जोरात मारत होतो, पेटीचा आवाज त्याच्याखाली भरत होतो, जणू तेवढ्यानं त्याला आधार मिळणार होता. लोकांनी आणखी एक म्हणायला लावलं. त्यानं म्हटलं.

उतरताना तो माझ्या कानाशी आला आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा बोलला. नुसती हवा आली.

दुसऱ्या दिवशी थुंकीत रक्ताचा धागा होता. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला, गावातल्या डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबून पाहिलं आणि बोलू नको म्हणून सांगितलं. त्याला काही आशा होती. पाटीवर खडूनं लिहून मला विचारायचा, गुरुजी कधी येणार.

गुरुजी डोळ्यांवर हिरवी झापडं लावून आले. कुणीतरी त्यांना रस्त्यातच सांगितलं असावं, कारण ते त्याच्याकडे न जाता आधी मला आत घेऊन गेले.

"खाली आणलं होतंस ना?"

खोलीत माई होत्या. डब्यातून काहीतरी काढत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आणलं होतं," मी म्हणालो. "त्यानंच ऐकलं नाही. देवळात काळी चारच पाहिजे म्हणाला."

झापडांमुळे त्यांचे डोळे मला दिसत नव्हते. ते म्हणाले, "हट्टी नव्हता रे तो."

"नव्हता," मी म्हणालो.

आता हे लिहिताना त्या दोन खोट्यांतलं कुठलं मोठं, असा प्रश्न मला पडतो. पहिलं भीतीनं तोंडातून गेलं. दुसरं मी विचार करून बोललो. पुढचं सगळं त्या दुसऱ्यानं झालं. गुरुजी दुखावले गेले. रागावले असते तर बरं झालं असतं, त्यानं विचारलं असतं, उत्तर मिळालं असतं. पण ते त्याच्याशी बोलेनासे झाले. काढा स्वतः उकळायचे, माईंच्या हाती पाठवायचे, आणि शिकवताना तो बसायचा त्या कोपऱ्याकडे तोंड करत नसत. आणि तो पाटी घेऊन तिथे बसून राहायचा. त्याला काय वाटत होतं ते मला कळत होतं. ज्या माणसाच्या शब्दावर गळा लावला, त्याला आता फुटलेल्या गळ्याचं काही काम उरलं नाही.

त्याचा मामा घ्यायला आला तेव्हा गुरुजी बाहेर आले नाहीत. माईंनी दशम्या बांधून दिल्या. तो त्यांच्या पाया पडला, गुरुजींच्या बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि आत गेला नाही. मला म्हणाला, पहिल्यांदाच आवाजात, फाटक्या डब्यावर खिळा ओढावा तशा आवाजात, "चिच खाता येईन आता मले."

मी हसलो. काय करणार होतो.

आवाज पुन्हा आला नाही. बोलण्यापुरता घोगरा आवाज राहिला, गाण्याचा गेला. मी पुढे पेटी शिकलो, सगळ्या पट्ट्यांत शिकलो, इतकी घोटली की बोटांची साल जायची. गुरुजींना वाटायचं मित्राच्या दुःखानं मी पेटीत डोकं घातलंय. ते माझं कौतुक करायचे. विद्यालय पुढे चाललं नाही, मुलं कमी होत गेली. मला नोकरी लागली. मी सुटीत त्यांच्याकडे जायचो आणि ते दर वेळी विचारायचे, "तो भेटतो का रे? इकडे का येत नाही?" मी म्हणायचो, शेतीच्या कामात असेल.

गुरुजी गेले तेव्हा मी वरवट बकालला निरोप पाठवला, त्या बाजूच्या गाडीच्या कंडक्टरकडे. तो आला नाही. माई दाराशी बसून होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "त्याला कळवलं होतंस ना?" मी म्हटलं कळवलं होतं. "मग यायला हवं होतं त्यानं," त्या म्हणाल्या. "हे फार वाट बघायचे." आयुष्यात कधी कुणाबद्दल कडू न बोललेली ती बाई, त्याच्याबद्दल एवढं बोलली, आणि मी तिथे उभा राहून ऐकलं.

त्यानंतर काही वर्षं गेली. मग एकदा मी वरवट बकालला गेलो.

तो मळ्यात होता. अंगानं भरला होता, केस पांढरे व्हायला लागले होते. मला पाहून त्याला आनंद झाला, हे मी लपवणार नाही. बाजेवर बसवलं, बायकोला चहा ठेवायला सांगायला टाळी वाजवली. हाक मारत नव्हता, बैलांनाही नाही, नुसती टाळी. नोकरीचं विचारलं, पोरांचं विचारलं. चहा होईपर्यंत मी थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. म्हणून तिथेच सांगितलं. आमच्या जुन्याच बोलीत, कारण दुसऱ्या भाषेत ते मला सांगता आलं नसतं.

"गुरुजीनं काळी चार ठेव असं सांगतलंच नव्हतं. खाली घे म्हणले होते. नाही जमलं तं गाऊच देऊ नको म्हणले होते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग?"

"मले दुसऱ्या पट्टीत वाजवाले येत नव्हतं."

"वाजवाले येत नव्हतं."

"हाव."

"इतलंच?"

"इतलंच."

त्यानं पायाशी पडलेली काटकी उचलली, तिची साल काढली. मग विचारलं, "आन त्याईले काय सांगतलं तू?"

"तू आयकलं नाही असं सांगतलं."

बायकोनं चहा आणून ठेवला आणि आमची तोंडं पाहून ती परत गेली. चहा निवला. तो बोलला तेव्हा त्याचा घोगरा आवाज इतका खाली होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"आवाजाचं मी काई म्हनत नाही. पोट्ट्याचा आवाज, जाचाच राह्यला असन तं जाते. पन मी त्याईच्या मातीले आलो नाही बे. कंडक्टरनं सांगतलं तवा मी कांद्याले पानी देत होतो. तसाच देत राह्यलो. मनात म्हनलं, या मानसानं मले देवळापुरतं वापरलं, आता माह्या खांद्याचं त्याले काय काम. घरात पोरगी गुनगुनली तं मी तिले चूप करत आलो. बारा गावच्या लोकात त्याईले नावं ठेवली." तो थांबला. "हे सारं तू आता काऊन सांगून राह्यला? तुहं हलकं झालं. मी कोनाले जाऊन सांगू?"

मी त्याच्याकडे क्षमा मागायला गेलो होतो, असं मला वाटत होतं. त्याच्याकडे काय घेऊन गेलो ते तिथे बाजेवर बसल्यावर कळलं.

पाटाचं पाणी एका वाफ्यातून फुटून वाटेवर येत होतं. तो उठला, फावड्यानं बांध घातला, आणि तिथूनच, माझ्याकडे न बघता विचारलं, "माई हायेत?"

"हायेत. देऊळगावलेच, पुतन्याजवळ."

"दिसते त्याईले?"

"थोडंसं."

"उद्या जातो."

"मी येतो संगं," मी म्हणालो. "मीच सांगतो त्याईले."

"तू येऊ नको," तो म्हणाला. रागानं नाही म्हणाला. मुलाला उन्हात जाऊ नको म्हणावं तसं म्हणाला. "चहा पिऊन जा."

मी तो थंड चहा प्यायलो. रात्री त्याच गावात एका ओळखीच्या मास्तरांकडे मुक्कामाचं ठरलं होतं. पण मला परत नेणारी, बुलढाण्याकडे जाणारी सकाळची गाडी एकच होती आणि तो तीच धरणार होता. मास्तरांना काहीतरी कारण सांगून मी दिवस मावळायच्या आत निघालो, म्हणजे एका गाडीत समोरासमोर बसावं लागणार नाही.